चौदा नंबरच्या बाई

माझं काम घरोघरी जाऊन फॉर्म भरून घेण्याचं. घरात माणसं किती, पाणी किती वेळ येतं, गल्लीत दिवे आहेत का, असले प्रश्न. फॉर्म ऑफिसात देतो आणि घरी येऊन स्वतःसाठी डायरी लिहितो. शाळा लवकर सुटली, पण लिहिण्याची सवय माझी मीच लावून घेतली. एकोणीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. त्यामुळे आता जे सांगतो त्यातले दिवस आणि वेळा पक्क्या आहेत. बाकीचं तुम्ही ठरवा.

त्या वर्षी फॉर्मात दोन नवे प्रश्न आले होते. घराची जादा किल्ली शेजारी कुणाकडे ठेवता का? आणि, वस्तीत कुणाची भीती वाटते का? पहिला प्रश्न विचारला की लोक माझ्याकडेच संशयाने बघत. दुसऱ्याला मात्र भरभरून उत्तरं देत. वरच्या मजल्यावरचा माणूस, नवे भाडेकरू, समोरच्या खिडकीत कायम उभा असणारा कुणी. जागा पुरत नसे, मी समासात लिहायचो.

माझी धाकटी बहीण अशाच एका वस्तीत एकटी राहायची. शिवणकाम करते. एका दुपारी ती दोरे आणायला गेली असताना तिचं घर फोडलं. गेलं फारसं काही नाही. पण शेजारच्या तीन घरांनी कुलूप तुटताना ऐकलं होतं, आणि तिघांनीही आपापली दारं आतून लावून घेतली होती. हे तिला कळलं आणि तिची झोप गेली. शिलाई मशीन दाराला लावून ती त्यावर डोकं टेकून बसून राही. सहा महिन्यांत तिनेच स्वतःसाठी शिवलेले कपडे तिच्या अंगावर लोंबायला लागले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हिला झोप मिळाली नाही तर ही फार दिवस उभी राहणार नाही.

ती गल्ली मला सापडली ती या दिवसांत.

समोरासमोर आठ-आठ घरं. मी शिरलो तेव्हा दुपारचे साडेतीन. दारं लोटलेली, सायकली बिनकुलपाच्या, एका पायरीवर कुणाचा तरी चष्मा आणि घड्याळ तसंच ठेवलेलं. पहिल्या घरात इस्त्रीवाला काम करत होता.

"जादा किल्ली?" तो मान वर न करता म्हणाला. "चौदा नंबरच्या बाईंकडे."

"आणि भीती कुणाची?"

"लिहायचंच असेल तर बायकोची लिहा. पण तिला दाखवू नका."

दुसऱ्या घरात तेच उत्तर, तिसऱ्या घरातही. पंधराच्या पंधरा घरांच्या किल्ल्या चौदा नंबरच्या बाईंकडे होत्या आणि भीतीची जागा सगळ्यांनी रिकामी सोडली होती.

पद्धत साधी होती. चौदा नंबरच्या दाराला पत्रं टाकायची पितळी फट होती. दोनदा टकटक करायचं आणि किल्ली आत सोडायची. हवी असेल तेव्हा पुन्हा टकटक करून आपल्या घराचा नंबर सांगायचा. किल्ली फटीतून बाहेर येते. दुसऱ्याचा नंबर सांगू नये असा नियम कुणी केला नव्हता. ते कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

"बाई दिसायला कशा आहेत?" मी इस्त्रीवाल्याला विचारलं.

त्याचा हात थांबला. "नळाचं पाणी आपण रोज पितो, साहेब. टाकीत कधी डोकावलायत का तुम्ही?"

पंधरा दिवसांत मी बहिणीला तिथे सात नंबरची वरची खोली मिळवून दिली. पहिल्याच दिवशी तिने किल्ली फटीतून सोडली आणि ती संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत झोपली. महिन्याभराने तिचे गाल भरले. मला चिडवायलाही लागली. "दादा, तुझ्या डायरीत माझं वजन लिहितोस का रे?" मी लिहीतच होतो.

चौदा नंबरचा फॉर्म तेवढा राहिला होता. कोरा फॉर्म मला सहन होत नाही. एका मंगळवारी, चार वाजता, मी दार वाजवलं. उत्तर नाही. फटीला कान लावला. ओल्या चुन्याचा वास आला, बंद विहिरीतून येतो तसा गार. आत काही दिसेना, म्हणून मी हातातली पेन्सिल फटीतून सरकवली. ती चार बोटांवर अडली. डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे चार बोटांवरच. टोकाला विटेचा लाल भुगा लागला होता.

मी इस्त्रीवाल्याच्या परसातून मागे गेलो. चौदा नंबरला मागे घरच नव्हतं. छप्पर नाही, खोल्या नाहीत. गवतात विटांचे ढीग, आणि दाराच्या पाठीमागे जुनी, शेवाळलेली भिंत.

"मागचं केव्हाच पडलं," मी परत येताच इस्त्रीवाला म्हणाला.

"मग बाई राहतात कुठे?"

त्याने हातातल्या शर्टाची घडी पूर्ण केली. मग म्हणाला, "पुढे."

मी घाबरलो. बहिणीची किल्ली तिथे राहू द्यायची नाही, एवढंच डोक्यात होतं. मी पुन्हा दारापाशी आलो, दोनदा टकटक केलं आणि म्हणालो, "सात."

बराच वेळ काही झालं नाही. मग फटीतून दोन बोटं बाहेर आली. बारीक, चुन्याने पांढरी. त्यांच्यात किल्ली होती. मी ती घेतली. मुठीत खूप वेळ धरून ठेवल्यासारखी ती ऊबदार होती.

"ती..." आतून अगदी हळू आवाज आला. "बरी आहे ना...?"

मी पाठ फिरवली. गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेलो, पुढे पळालो.

तिसऱ्या दिवशी बहिणीकडे गेलो तर दार उघडायला तिला वेळ लागला. आतून मशीन ओढल्याचा आवाज आला. तिचे डोळे पुन्हा खोल गेले होते.

"किल्ली मागायला गेले होते," ती म्हणाली. "आली नाही. तू नेलीस ना?"

"अगं, तिथे कुणी नाही. दारामागे भिंत आहे. मी बघितलंय."

"मला माहीत आहे."

"काय?"

"सगळ्यांना माहीत आहे, दादा. पहिल्याच आठवड्यात कळलं मला." ती मशीनच्या कडेला टेकून बसली. "आधीच्या गल्लीत माणसं होती की. दाराला दार लागून होती."

मी किल्ली खिशातून काढली. ती शांतपणे म्हणाली, "तू माझा नंबर सांगितलास. आजवर कुणी दुसऱ्याचा सांगितला नव्हता रे."

मी तसाच उठलो आणि किल्ली परत द्यायला गेलो. टकटक केलं, किल्ली सोडली. ती विटेवर आपटून खाली दगडावर पडली. तो आवाज मी स्पष्ट ऐकला. आजवर तिथे किल्ली पडल्याचा आवाज कुणीच ऐकला नव्हता. सात म्हणालो. पुन्हा म्हणालो. फटीतून काही आलं नाही.

त्या दिवसानंतर कुणाचीच किल्ली बाहेर आली नाही. आठवड्याभरात सुतार त्या गल्लीत दारोदार कड्या बसवत होता. सायकलींना साखळ्या आल्या. इस्त्रीवाल्याने मला पाहून दार ओढून घेतलं. मी तिथे जाणं बंद केलं. ऑफिसने मला शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं होतं, तेही निमित्त झालं. बहिणीसाठी दुसरी जागा शोधत होतो, पण मिळत नव्हती.

सतराव्या दिवशी, रविवारी सकाळी, ती माझ्या घरी आली. पाणी प्यायली. खुर्चीच्या कडेवर बसून राहिली.

"दादा, एक सांगू? रागावू नकोस. रोज चार वाजता येत जाऊ नकोस. लोक बोलतात."

"मी कुठे येतो?"

"फॉर्म घेऊन. प्रत्येक दारावर दोनदा टकटक करतोस आणि त्या घराचा नंबर सांगतोस. कुणी उघडत नाही. सगळ्यांत शेवटी माझ्याकडे येतोस."

मी डायरी काढून तिच्यापुढे ठेवली. या सगळ्या दिवसांत चार वाजता मी कुठे, कुणाच्या दारात होतो, सगळं लिहिलेलं. तिने एकेक पान वाचलं. वाचता वाचता तिचा डावा हात थंड पडत गेला. मी तो हातात धरला होता, म्हणून मला कळलं.

"आवाज तुझाच असतो..." ती म्हणाली.

"ऐक. नवी जागा मिळेपर्यंत मी तिकडे फिरकणार नाही. चार वाजता कुणीही आलं, अगदी मी आलो तरी दार उघडायचं नाही. कळलं?"

तिने माझ्या हातातून हात हळूच सोडवून घेतला.

"हेच तू काल म्हणालास," ती म्हणाली. "दारापलीकडून."