पाचशे झाले की बसतो

जुनं ऑइल नीट निथळायला अर्धा तास लागेल. घाई करू नका. नव्या इंजिनातलं पहिलं ऑइल शेवटच्या थेंबापर्यंत काढावं लागतं, त्यात लोखंडाचा बारीक कीस असतो. शटर अर्धं खाली ओढा, वारं आत येतंय. बसा त्या टायरवर.

ती कोपऱ्यातली मोटरसायकल? नाही, विकायची नाही. तुमच्याच गाडीच्या जातीची आहे, लांबच्या प्रवासाची. चादर वर करून बघा हवं तर, पण सीटवर हात ठेवू नका. आणि भिंतीवरच्या त्या पेन्सिलच्या रेघा मीच मारल्यात. दोन मागच्या सीटपाशी, दोन हँडलपाशी. कशासाठी, ते सांगतो. ऑइल निथळेपर्यंत होईल सांगून.

गाडी माझ्या धाकट्या मेहुण्याची. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, सहा बाय आठचं. सगळे त्याला चष्मेवालाच म्हणायचे. सत्तावीस वर्षं तो त्या दुकानात बसून लोकांना "आता खालची ओळ वाचा" म्हणत राहिला. एकदा मला म्हणाला, "दाजी, लोकांना लांबचं दिसावं म्हणून मी जन्मभर जवळच बसून राहिलो." आणि एकोणपन्नासाव्या वर्षी जाऊन ही गाडी घेऊन आला.

चौदा डिसेंबर, गुरुवार. दुपारी शोरूममधून निघाला तो सरळ इथे, माझ्यासमोर. माझी बायको, म्हणजे त्याची ताई, दारात उभी होती. ती म्हणाली, "अरे, स्वतःचं वजन किती, गाडीचं किती! तू तिला चालवणार की ती तुला?"

"ताई, उभी असते तेव्हाच जड लागते. एकदा चालायला लागली की कापूस."

मी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि जे सगळ्यांना सांगतो तेच त्याला सांगितलं. पहिले पाचशे किलोमीटर जपायची. साठच्या वर न्यायची नाही. आणि मागे कुणाला बसवायचं नाही.

"ताईलाही नाही?"

"मी कुठे मागतेय जागा?" ती म्हणाली.

"पाचशे झाले की पहिली तू," तो म्हणाला. 

मला वाचायला वेळ लागतो. गाडीबरोबर जे पुस्तक येतं ते मी कधी उघडलं नाही. माझ्या उस्तादांनी मला सांगितलं, ते मी पुढे सांगत आलो. नंतर एकाने मला ते पुस्तक वाचून दाखवलं. वेगाचं लिहिलं होतं. मागे बसवू नका, असं त्यात कुठेच नव्हतं. हे मला फार उशिरा कळलं.

त्याच संध्याकाळी त्याला बाहेर पडायला कारण मिळालं. पलीकडच्या गावात एक बस ड्रायव्हर राहायचा. त्याचा चष्मा फुटला होता आणि पहाटे त्याची ड्युटी होती. नवा चष्मा तयार होता. एरवी ड्रायव्हरचा मुलगा येऊन घेऊन गेला असता. पण मेहुणा फोनवर म्हणाला, "कुणी येऊ नका, मीच आणून देतो." 

त्या जाण्याबद्दल तो माझ्याशी इतक्या वेळा बोलला, की ती गाडी मीच चालवली असं वाटतं. सीट उंच, सिग्नलला नुसते चवडे टेकायचे. पहिल्या चौकात वाटलं, आडवी होणार, सगळे हसणार. पण गाव सुटलं आणि वजन कुठे गेलं कळलं नाही. समोरच्या काचेमुळे छातीवर वारा नाही. इंजिनाची ऊब उजव्या नडगीला. आवाज असा, की कुणी शेजारी बसून गुणगुणतंय. दिव्याच्या उजेडात रस्ता आपण होऊन पुढे उलगडतोय आणि आपण नुसते बसलोय. "दाजी," तो म्हणाला, "मला पहिल्यांदा वाटलं, आपण कुठेही जाऊ शकतो."

चष्मा दिला. परत निघाला. रात्रीचे नऊ चाळीस झाले होते, मीटरवर अडुसष्ट किलोमीटर. दोन्हीकडे रिकामी शेतं, वस्ती नाही. दिव्याच्या उजेडात मैलाच्या दगडाशी एक म्हातारा दिसला. काखेत कापडी पिशवी. त्याने हात केला. मेहुणा थांबला. न थांबणारा माणूस नव्हता तो.

"बरं झालं थांबलात. पुढे सोडता का मला?"

"सोडलं असतं हो बाबा. पण आजच घेतलीय गाडी. पाचशे किलोमीटर होईपर्यंत मागे कुणाला बसवायचं नाही, असं आमच्या दाजींनी सांगितलंय."

"किती झाले?"

"अडुसष्ट."

म्हातारा हसला. "बरं. मग पाचशे झाले की बसतो."

मेहुणाही हसला. म्हाताऱ्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. मेहुण्याचं लक्ष जाणारच. त्याने खिशातून दुकानाचं कार्ड काढून दिलं. "सवडीने या बाबा, नवी काडी बसवून देतो. काही द्यायचं नाही." आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस दुकानात आले. म्हातारा त्याच दगडावर बसलेला सापडला होता. थंडीने गेला की छातीत दुखून, मला माहीत नाही. पिशवीत एक इस्त्रीचा शर्ट आणि घडी घातलेला नवा टॉवेल. म्हणजे कुणाकडे तरी मुक्कामाला निघालेला माणूस. खिशात कागद म्हणून एकच होता, मेहुण्याच्या दुकानाचं कार्ड.

"ओळखीचे होते?"

"नाही."

"कुठे निघाले होते, काही बोलले?"

तेही मेहुण्याला माहीत नव्हतं. कारण त्याने विचारलंच नव्हतं. नाही म्हणण्याआधी माणूस निदान एवढं विचारतो, की बाबा, कुठे जायचंय?

मग त्याने दुकान बंद ठेवलं आणि गाडी काढली. पोलिसांकडून म्हाताऱ्याचा फोटो घेतला. या गावाहून त्या गावाला, स्टँडवर, शाळेत, पिठाच्या गिरणीत, जिथे चार माणसं दिसतील तिथे विचारायचा, "यांना ओळखता का? हे कुणाकडे येणार होते?" सहा दिवस फिरला. कुणी ओळखलं नाही. सातव्या दिवशी सकाळी गाडीवर बसला आणि मीटरकडे लक्ष गेलं. चारशे एक्याण्णव.

किल्ली बंद ठेवून ढकलत आणली त्याने गाडी इथे. डिसेंबरात घामाने भिजलेला. "दाजी, राहू दे इथेच."

मी पहिल्यांदा हसलो. त्याचा चेहरा बघितला आणि गाडी त्याच्या हातातून घेतली.

तेरा दिवस गाडी इथे उभी होती. तो रोज यायचा, लांबून बघायचा आणि जायचा. जेवण सुटलं होतं. बायको मला म्हणाली, "माझा भाऊ वाळत चाललाय आणि तुम्ही नट आवळत बसलाय. काहीतरी करा." मग मीच शहाणपणा केला. म्हटलं, चल, नऊ किलोमीटर उरलेत, ते एकदाचे संपवू. त्या रस्त्याला जायचंच नाही. उलट्या दिशेला जाऊ. मी स्कूटरवर तुझ्या मागे राहतो. पाचशे होतील, काही होणार नाही, घरी येऊन जेवशील.

तीन जानेवारी, बुधवार. रात्रीचे साडेआठ. चांदणं होतं. रस्ता सरळ, मोकळा. त्याच्या गाडीचा लाल दिवा माझ्यापुढे वीस पावलांवर.

तो डाव्या हाताची बोटं वर करून मला सांगत होता. चार राहिले. मग तीन. दोन.

एक.

मी त्या लाल दिव्याकडेच बघत होतो. दुसरीकडे नाही. रस्त्यावर खड्डा नव्हता. दगड नव्हता. 

दिवा खाली गेला.

चार बोटं. सावकाश. एखादा म्हातारा माणूस आधार घेत बसतो, तसा.

तो थांबला. मी शेजारी जाऊन थांबलो. त्याने मान वळवली नाही. दोन्ही हात हँडलवर घट्ट. आरसा मला दिसत होता. आरशात नुसता रस्ता होता.

"दाजी..."

"काय रे?"

त्याने हनुवटीने आरशाकडे खूण केली.

"बोल ना."

"बसले."

इंजिन चालू होतं. दुसरा आवाज नाही. मग तो म्हणाला, मला नाही, मागे,

"बाबा... कुठे जायचंय?"

मी पण थांबलो ऐकायला. खोटं कशाला सांगू. मी पण कान देऊन ऐकलं.

काही नाही.

"मी विचारलं नव्हतं बाबा. चुकलं माझं. आता विचारतो. कुठे सोडू?"

काही नाही.

त्या रात्री आम्ही सगळीकडे गेलो. आधी त्या दगडापाशी. मग सरकारी दवाखान्यात. एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, धर्मशाळा. प्रत्येक ठिकाणी तो गाडी उभी करायचा, स्वतः उतरायचा, बाजूला होऊन हलक्या आवाजात म्हणायचा, "आलं बाबा. उतरा." मी खाली वाकून बघायचो. मागची स्प्रिंग तशीच दबलेली. मी नुसती मान हलवायचो. दवाखान्याच्या फाटकाशी तो रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेवढंच मला जमलं.

पहाटे गाडी इथे आणली. दोन बाजूंना लाकडी टेकू देऊन सरळ उभी केली. आता ऐका, हे तुम्हाला कळेल. चालवणारा बसला की गाडी पुढूनही दबते, मागूनही दबते. हँडल बोटभर खाली येतं. मागे बसणारा असेल, तर फक्त मागचं दबतं. ही गाडी पहिल्यांदा आली त्या दिवशीही मी ती अशीच उभी करून सीटपाशी आणि हँडलपाशी एकेक रेघ मारून ठेवली होती. माझी जुनी सवय, पुढे स्प्रिंग सैल होऊन बसली की रेघेवरून कळतं. त्या पहाटे सीट आपल्या रेघेच्या चार बोटं खाली होती, स्प्रिंग पार तळाला टेकलेली. तिथे दुसरी रेघ मारली. हँडल जिथल्या तिथे.

स्प्रिंग बदलली. परत बदलली, जाड घातली. सीट त्याच रेघेवर.

विकून टाक, असं मी एकदा म्हणालो. तो म्हणाला, "आणि ते, दाजी? त्यांना कुणाच्या गळ्यात घालू?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मग रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की तो यायचा, चादर काढायचा आणि निघायचा. आज या गावाला, उद्या त्या. माझी बायको डबा द्यायची. ती त्या सीटवर कधीच बसली नाही. जागा पहिली तिची होती. मेहुणा परत यायचा, मी चादर घालायच्या आधी रेघ बघायचो. तो माझ्या तोंडाकडे बघायचा. एखाद्या पेशंटने डॉक्टरकडे बघावं तसा.

एकदा मीटर बघून मी म्हटलं, "अरे, अकरा हजार झाले!"

"लांबचं बघायचं होतं ना मला," तो म्हणाला, आणि हसला. पूर्वीसारखा. 

गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला दुपारी तो दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. समोर एक बाई चष्म्याची काच बदलून घ्यायला आली होती, तिला वाटलं डुलकी लागलीय. त्या संध्याकाळी सगळं आटोपून मी इथे आलो. गाडीची किल्ली त्या खिळ्याला लावली. बॅटरी काढून घेतली, ती बघा फळीवर आहे. रेघा बघितल्या. सीट खालच्या रेघेवर. हँडल आपल्या जुन्या रेघेवर. मग दिवा मालवला आणि म्हटलं, बाबा, आता तुम्ही एकटेच. आता कोण विचारणार तुम्हाला? शटरला कुलूप लावलं. कुलपाची किल्ली माझ्याच कमरेला होती.

...

तुमचं ऑइल निथळलं. भांडं इकडे सरकवा.

हँडलपाशी दोन रेघा दिसतात ना, त्यातली वरची जुनी. खालची मी दहा तारखेला सकाळी मारली. शटर उघडलं तेव्हा सीट होती तिथेच, आणि हँडल बोटभर खाली होतं. अजून तिथेच आहे.