खडपीचं पाणी

प्रयोगशाळेच्या पडद्यावर वेळणे आखात निळ्या चौकटींत विभागलेले होते. सागरप्रवाहतज्ज्ञ डॉ. हेमांगी तांडेल यांनी त्यातली एक चौकट मोठी केली. आखाताच्या मधोमध असलेले खडपी बेट. काल उधाणाचे पाणी तिथे पुन्हा घरांत शिरले होते. ते त्यांचे स्वतःचे गाव होते.

"चंद्र तोच, सूर्य तोच," भरतीवीज प्रकल्पाचे मुख्य अभियंता केळशीकर म्हणाले. "जवळच्या पाण्याला चंद्र जास्त ओढतो, पृथ्वीला त्याहून कमी, पलीकडच्या पाण्याला सर्वांत कमी. म्हणून दोन्ही बाजूंना फुगवटा, म्हणून दिवसातून दोनदा भरती. आखातात आडव्या घातलेल्या आपल्या भिंतीने यात काय बदललं?"

"खुल्या समुद्रात तो फुगवटा जेमतेम गुडघाभर असतो. आखातात तो वाढतो. परातीत पाणी घेऊन चाललात की ते स्वतःच्या लयीत हिंदकळतं. पावलं त्या लयीशी जुळली की सांडतं. आखाताचीही लय असते, त्याच्या लांबीवर ठरलेली. आपलं आखात लांब होतं, म्हणून चंद्राच्या ठेक्याहून संथ. भिंत घालून आपण ते आखूड केलं, आणि लय ठेक्याला येऊन मिळाली."

"अनुनाद," केळशीकर हळूच म्हणाले. "मग संगणकावरच्या तुमच्या अंकीय प्रतिकृतीत तो दिसला का नाही?"

"प्रतिकृतीच्या बाहेरच्या कडेवरचं पाणी ठाऊक आहे असं धरावं लागतं. ती कड मी खडपीला ठेवली. तिथली मोजणी मला सर्वांत खात्रीची वाटली. खडपीचं पाणी बदलणार नाही, हे मीच गणिताला आधी सांगून ठेवलं होतं."

केळशीकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. भिंतीची सगळी दारे कायमची उघडी ठेवणे शक्य नव्हते. आतल्या काठांच्या कोरड्या पडलेल्या जमिनीवर दहा वर्षांत शहर उभे राहिले होते, भरतीच्या पातळीच्या खाली.

"आता कड खोल समुद्रात नेली आहे," हेमांगी म्हणाल्या. "उपाय एकच निघतो. आखात आणखी आखूड करायचं, म्हणजे लय ठेक्याच्या पुढे निघून जाईल. किनाऱ्यावरची बाकीची गावं वाचतील."

"नवी भिंत कुठे?"

"सगळीकडे गाळ आहे. भिंतीच्या पायासाठी खडक एकाच ठिकाणी आहे."

केळशीकरांनी पडद्याकडे पाहिले. मग त्यांना विचारावे लागले नाही.

दुपारी हेमांगींनी पारूआतेला फोन लावला. आतेनेच त्यांना वाढवले होते, आणि आता ती खडपीच्या मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष होती.

"काय गो, उतरलं का पानी तुझ्या काँप्युटरात? हितं तर चुलीत कोलंबी पोहते."

"उतरेल आते. नवी भिंत घातली तर."

"घाल की मग! वाट कोनाची बघतेस? पहिली घालताना तर लय घाई होती."

"ती खडपीवरून जाईल. गावावरून. देऊळ, बंदर, घरं, सगळं भिंतीच्या पायाखाली जाईल."



"आनि नाय घातली तर?"

"तर खडपी बुडतेच. तिच्याबरोबर बाकीची गावंही."

"म्हंजे आमी दोनीकडून गेलो."

"हो. चूक माझी होती आते. मी सगळ्यांसमोर येऊन सांगते. उद्याच निघते."

"नको."

"आते, ऐक तरी."

"तू ऐक. लोकांना मी सांगीन. तू आलीस तर सगळी म्हनतील, आपली पोर हाय, शिकलेली हाय, चुकली बिचारी. चहा करतील तुला. कोनी भांडनार नाय गो. पहिल्या भिंतीला तुझ्याकडं बघून कोनी भांडलं नाय, आनि आता तरी भांडायला पायजे."