गोल आधी ऐकू आला

पंखा बंद पडला नसता, तर मी त्या दुकानाची पायरी चढलेच नसते.

फेब्रुवारीतला, म्हणजे आमच्या भर उन्हाळ्यातला, मंगळवार होता. उत्तरेकडचा गरम वारा सुटला की पिलारमध्ये कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. मी न्या देओलिंदाकडे खोली घेतली होती; 'न्या' म्हणजे वडीलधाऱ्या बाईला मानाने म्हणतात ते. न्या देओलिंदा साठीची, रोज पहाटे उठून चिपा, म्हणजे चीजचे छोटे पाव, भाजून विकणारी, आणि अख्खं गाव तोंडपाठ असणारी.

"पंखा ओस्मारकडे घेऊन जा," ती म्हणाली. "दुपारी न झोपणारा गावात तो एकटाच."

लहान मूल घ्यावं तसा पंखा कडेवर घेऊन मी गेले. दुकानभर उघडे पडलेले रेडिओ, मिक्सर, इस्त्र्या. बाकावर वाकून तिशीचा एक माणूस तारेला डाग देत होता. बाक खराब होऊ नये म्हणून त्याने खाली एक रंगीत कागद अंथरला होता. मी नीट पाहिलं... ते माझं पोस्टर होतं, पैसे भरून सामने बघायच्या आमच्या कांचा ॲपचं. 'या मोसमापासून लीगचा प्रत्येक सामना फक्त कांचावर.' त्यातल्या 'फक्त'वर कथलाचा एक थेंब नुकताच पडला होता.

"हा कागद कुठून आणलात?" मी विचारलं.

"चौकातल्या खांबावरून. चांगला जाड आहे." त्याने वर पाहिलं. "हवाय का तुम्हाला?"

"नको. माझ्याकडे असे अजून चारशे आहेत. ते लावायलाच मी आलेय."

त्याचा हात थांबला. कान हळूहळू लाल होत गेले. त्याने माफी मागितली नाही. फक्त बाहीने तो थेंब पुसायचा प्रयत्न केला, आणि त्यामुळे डाग आणखी पसरला.

"पंख्याचा बुश गेलाय," तो म्हणाला.

"तुम्ही अजून हातही लावला नाही त्याला."

"आवाज आला की, तुम्ही आत येताना. पातं हलत होतं."

त्याने मला स्टूल दिलं आणि थंड तेरेरेचा पेला पुढे केला. बर्फाचं पाणी, पुदिना, आणि एकाच नळीतून आळीपाळीने घ्यायचे घोट. आमच्याकडे 'आभारी आहे' म्हटलं की पुढचा घोट मिळत नाही. पुरे झालं असा त्याचा अर्थ. मी तीन वेळा पेला परत केला आणि तिन्ही वेळा गप्प राहिले.

"कोणी पैसे भरणार नाही," तो शांतपणे म्हणाला. "गेल्या वर्षापर्यंत टीव्हीवर फुकट दिसायचं. आता महिन्याला पंचेचाळीस हजार ग्वारानी म्हणजे किलोभर मांस. लोक मांसच घेतील."

"महिनाअखेर दोनशे जण भरतील," मी म्हणाले. "लिहून ठेवा."

हा माझा तोरा नव्हता. म्हणजे होताही, पण त्याला कारण होतं. राजधानीत, आसुन्सियोनमधल्या ऑफिसात, लहान गावांतले सामने दाखवायचेच नाहीत असं ठरत होतं. मी उभी राहून म्हणाले होते की लहान गावंच पैसे भरतील. साहेबांनी मला एक महिना आणि एक गाव दिलं. दोनशे ग्राहक झाले नाहीत तर पिलारच्या रिबेरा फुटबॉल क्लबच्या मैदानावर पुन्हा कॅमेरा येणार नव्हता. आणि मलाही बहुधा दुसरं काम शोधावं लागलं असतं.

"तुमचं नाव?" त्याने विचारलं.

"मिर्ना ओर्तेयादो. सान इग्नासिओची."

"सान इग्नासिओ," तो म्हणाला, जसं काही हेही पंख्याच्या आवाजावरून ओळखता आलं असतं.

तो रविवारी गावाच्या रेडिओवर सामन्यांचं वर्णन करतो, हे मला त्याने सांगितलं नाही. न्या देओलिंदाने सांगितलं, रात्रीच्या जेवणाला, आणि सांगताना माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्तच बघितलं.

त्या आठवड्यात मी एकशे बारा दारं ठोठावली. कापड गिरणीतले कामगार म्हणाले, पगार झाल्यावर बघू. एका शिक्षिकेने मला केक खाऊ घातला आणि फुटबॉल आवडत नाही म्हणून सांगितलं. शनिवारपर्यंत एकतीस जण झाले. रोज दुपारी चार वाजता मी ओस्मारच्या दुकानात जाऊन बसायचे. पंखा पहिल्याच दिवशी नीट झाला होता, हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

"आज किती?" तो विचारायचा.

"चार. आणि तुमच्यासाठी पोस्टर आणलंय. त्या जुन्याला भोक पडलंय."

"आणखी जाड कागदावर छापत नाहीत का?"

"तुम्ही ग्राहक झालात तर छापायला सांगेन."

"मी मैदानात बसून सामना बघतो, मिर्ना. मला कशाला?" तो हसायचा नाही, फक्त डोळे बारीक व्हायचे. आणि मग पेला माझ्या हातात देताना त्याची बोटं... म्हणजे, पेला लहान होता, बोटं लागणारच.

पहिला सामना रविवारी राजधानीत होता. ओस्मार संघाबरोबर बसने गेला. इकडे न्या देओलिंदाच्या अंगणात आंब्याखाली मी टीव्ही मांडला, कांचा लावलं, आणि वीसेक माणसं खुर्च्या घेऊन आली. पण आल्या आल्या त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि मधोमध रेडिओ ठेवला.

"राजधानीतल्या त्या बोलणाऱ्याला रिबेराच्या पोरांची नावंसुद्धा नीट घेता येत नाहीत," न्या देओलिंदा म्हणाली. "आम्ही ओस्मारलाच ऐकणार."

तेव्हा मी त्याला पहिल्यांदा रेडिओवर ऐकलं. दुकानात एकेक शब्द तोलून देणारा तो माणूस इथे धो धो वाहत होता. अर्धं स्पॅनिश, अर्धं ग्वारानी, आमची घरातली भाषा. मध्येच बेकरीची जाहिरात, मध्येच गोलरक्षकाच्या आजारी आईची विचारपूस, आणि पुन्हा चेंडू. मी पडद्याकडे बघायचं विसरूनच गेले.

आणि मग रेडिओवर गोल झाला. ओस्मारचा आवाज चढला, अंगण उठून उभं राहिलं. टीव्हीवर मात्र आमचा गोलरक्षक आरामात बूट बांधत होता. अर्ध्या मिनिटाने पडद्यावर तोच गोल झाला. तेव्हा सगळे बसलेले होते आणि कोणीतरी चिपा वाटत होतं.

"हे शिळं आहे," एक म्हातारा म्हणाला. लोक हसले. मीही हसले, पण सोमवारी सकाळी दोघांनी नावं काढून घेतली होती.

मी थेट दुकानात गेले. तो रातोरात परत आला होता, डोळे तांबारलेले.

"तुम्ही माझा गोल चोरलात."

"मी गोल झाल्यावरच ओरडलो," तो म्हणाला. "तुमचाच उशिरा झाला."

"चित्र इंटरनेटवरून फिरून येतं. तेवढा वेळ लागतोच."

"मग मी काय करू? अर्धा मिनिट श्वास रोखून धरू?"

"नाही. माझ्याकडे या."

तो माझ्याकडे बघतच राहिला. माझं वाक्य कसं ऐकू गेलं असेल ते माझ्या लक्षात आलं, आणि मी ते मुद्दामच दुरुस्त केलं नाही.

"म्हणजे... तुमचा आवाज आमच्या चित्रावर," मी जरा वेळाने म्हणाले. "पुढच्या रविवारी सामना इथंच आहे. तुमच्या माइकपासून कॅमेऱ्याच्या गाडीपर्यंत मी वायर टाकते. रेडिओ आहे तसाच चालू राहील. चित्र बघणाऱ्यांनी रेडिओ बंद ठेवायचा, बस. तुम्ही म्हणालात, चित्रासाठी कोणी पैसे भरणार नाही. खरं आहे. तुमच्यासाठी भरतील."

त्याने हातातला पेचकस खाली ठेवला.

"सहा वर्षांपूर्वी मी राजधानीत आवाजाची चाचणी द्यायला गेलो होतो," तो म्हणाला. "त्यांनी दोन मिनिटं ऐकलं. म्हणाले, हा बाजारात बोलतात तसा बोलतो."

"मग त्यांना बाजार कळत नाही. माझं कामच बाजाराचं आहे."

"आणि तुमच्या साहेबांना चालेल?"

"ते मी बघते."

साहेबांना पटवायला मला तीन फोन लागले. पहिल्या दोन फोनवर ते नाही म्हणाले. तिसऱ्यावर मी सांगितलं, की एक सामना द्या, फसला तर मी स्वतः राजीनामा पाठवते. हे मी ओस्मारला सांगितलं नाही. न्या देओलिंदाने सांगितलं. माझ्या खोलीची भिंत पातळ होती.

रविवारी मैदानावरच्या रेडिओच्या खोलीत, पत्र्याच्या छताखालच्या चिंचोळ्या जागेत, मी त्याच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसले. जागा इतकी कमी, की त्याचा खांदा हलला की माझा हलायचा. बोलताना तो हातांनीही बोलतो, हे तेव्हा कळलं. रिबेरा पुढे सरकली की त्याचा डावा हात वर जायचा, आणि एकदा तो माझ्या मनगटावर उतरला आणि पूर्ण कॉर्नर होईपर्यंत तिथेच राहिला. त्याच्या बोलण्यात मात्र एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

गावातले ग्राहक पन्नासच्या आसपास येऊन थांबले होते. ज्यांना बघायचं होतं ते समोर मैदानात बसले होते. बाकीचे रेडिओ ऐकत होते. आणि मग विसाव्या मिनिटाला माझ्या पडद्यावर एक निरोप उमटला. ब्युनोस आयर्सहून. 'आम्ही पाचही भाऊ आहोत, बांधकामावर. ओस्मारच आहे ना हा? आईला सांगा, आवाज येतोय.'

मी तो कागदावर लिहून त्याच्यापुढे सरकवला. त्याने चेंडू न सोडता तो वाचून दाखवला, आईच्या नावासकट. त्या पोरांची आई कोण, हे त्याला विचारावं लागलं नाही.

मग निरोपांची रांगच लागली. पिलारमधून कामासाठी सीमेपलीकडे गेलेली माणसं. घरकाम करणाऱ्या बायका, गवंडी, एक नर्स. कोणी बसमधून, कोणी मालकिणीच्या स्वयंपाकघरातून. त्यांनी एकमेकांना कळवलं आणि मध्यंतरापर्यंत माझा ग्राहकांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. सामना संपला तेव्हा सहाशे चाळीस होता. रिबेरा हरली. ओस्मारने तेही असं सांगितलं, की हरूनसुद्धा कोणी उठून गेलं नाही.

माइक बंद करून त्याने मान मागे भिंतीला टेकवली. "गावाबद्दल मी बरोबर होतो," तो म्हणाला.

"हो. आणि प्रेक्षकांबद्दल मी."

बुधवारी साहेबांचा फोन आला. सगळ्या लहान क्लबांचं काम माझ्याकडे, बढती, राजधानीत टेबल. गावात बातमी माझ्याआधी पोचली. संध्याकाळी मी नदीकाठी गेले तर ओस्मार तिथे कठड्यावर बसला होता. पाणी पितळेच्या रंगाचं झालं होतं, पलीकडे अर्जेंटिनाचा काठ.

"कधी निघताय?" त्याने नदीकडे बघत विचारलं.

"कामाला मी होकार दिला," मी म्हणाले. "राजधानीला दिला नाही. टेबल कुठेही ठेवता येतं असं त्यांना सांगितलं. मी पिलारमध्ये राहणार आहे."

त्याने एकदम वळून पाहिलं. "का?"

"एक तर न्या देओलिंदाच्या चिपा. दुसरं... तुम्ही, ओस्मार. मला तुम्ही आवडता. दुकानातले गप्प बसणारेही आणि माइकवरचेही. मला उत्तर हवंय, पण घाई नाही. मी आता इथंच आहे."

नव्वद मिनिटं न थांबता बोलणारा माणूस, आणि त्याला एक शब्द सुचेना. त्याने दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मी थांबले. मला भीती वाटत नव्हती. त्याचे कान लाल व्हायला लागले होते.

"रोहाइहू," तो शेवटी म्हणाला, अगदी हळू.

'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे आमच्याकडे स्पॅनिशमध्ये म्हणत नाहीत. स्पॅनिशमध्ये अर्ज लिहितात, कज्जे लढतात. हे एक ग्वारानीतच म्हणतात, आणि एकदा म्हटलं की परत घेत नाहीत.

मी तोच शब्द त्याला दिला. मग त्याने माझा हात धरला, या वेळी कुठलाही कॉर्नर नसताना.

"शनिवारी सान इग्नासिओला येशील माझ्याबरोबर?" मी विचारलं. "आईला भेटायला."

"येईन," तो म्हणाला. "पण तिथे तू बोल. मी नुसता बसतो."