दगडी आजीच्या अंगावरचा दोर

“आजीचा मुका घेताय की काय?”

मी विचारलं आणि तो केवढ्यानं दचकला! समुद्राकाठच्या आमच्या दोल्मारू गावाच्या वेशीवर, रस्त्याच्या दोन बाजूंना, दगडाचे आजी-आजोबा उभे आहेत. डोळे बटबटीत, नाकं झिजलेली. पण गावात रोगराई शिरू देत नाहीत. मी आजीपुढे तांदळाच्या वड्या ठेवायला आले होते, आणि हा कोण कुठला तरुण तिच्या गालाला ओठ लावून…

“गालावर लावलेला कागद ओला आहे,” तो कानांपर्यंत लाल झाला. “फुंकर घालतोय. जरा सुकला की शाई थोपटायची. मग चेहरा उमटतो.”

“आजोबांची परवानगी घेतलीत?”

“त्यांचा ठसा आधीच घेतला. काही बोलले नाहीत.”

“ते बोलत नाहीतच. मनात ठेवतात.”

तो हसला. बर्फ भुरभुरत होतं, त्याच्या केसांत, आजीच्या दगडी टोपीवर. त्याचं नाव इन्हो. शहरातल्या एका संग्रहालयातून अशा मूर्तींचे ठसे घ्यायला आला होता आणि वर्षातली पहिली पौर्णिमा झाली की परत जाणार होता.

मग रोज त्याच्यासाठी जवाचा गरम चहा नेणं माझ्याकडेच आलं. म्हणजे, मीच ते ओढवून घेतलं. एकदा त्याने मला शाई थोपटायला दिली.

“युरिम, हनुवटीला शाई लागलीये तुमच्या.”

“कुठे?”

“इथे…” त्याचं बोट माझ्या हनुवटीपर्यंत आलं, थबकलं, आणि त्याने स्वतःच्याच हनुवटीवर दाखवलं. बोट शाईचं होतं. दोघंही तसेच काळे होऊन घरी गेलो. त्या दिवसापासून मी जमिनीवर चालत नव्हते.

पण तिशीचा माणूस. घरी बायको असली तर? विचारायचं कसं? विचारलं की माझंच मन उघडं पडणार. म्हणून मी पौर्णिमेची वाट पाहत राहिले. त्या दिवशी आमच्याकडे पेंढ्याच्या जाडजूड दोराची रस्सीखेच असते. एका टोकाला गावातले नवरे, दुसऱ्या टोकाला सगळ्या बायका आणि बिनलग्नाचे पुरुष. बायकांचं टोक जिंकलं तर पीक भरघोस येतं, म्हणून नवरे दरवर्षी बेमालूम हरतात. नंतर तो दोर दगडी आजीला गुंडाळायचा. तेच तिचं वर्षाचं नवं लुगडं. इन्हो कुठल्या टोकाला जातो, एवढंच मला पाहायचं होतं.

पौर्णिमेला संध्याकाळी ढोल वाजायला लागले. इन्हो आला, बाह्या सरसावल्या, आणि सरळ नवऱ्यांच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

दोर माझ्या हातातून सुटला.

“अगं, दोर धर की! झोपलीस का?” मावशी ओरडली.

मला रडूही येत होतं आणि संतापही. मी तरातरा त्याच्यापुढे गेले.

“बायकोला का नाही आणलंत? आम्ही काय खाल्लं असतं तिला?”

“कुणाच्या बायकोला?”

“तुमच्या!”

“मला… बायको आहे?”

“मग इथे काय करताय?”

“पुरुष आहे म्हणून पुरुषांत उभा राहिलो. चुकलं का?”

“अहो, हे नवऱ्यांचं टोक आहे!”

मग सगळं गाव असं हसलं की काय सांगू! गावचे प्रमुख डोळे पुसत म्हणाले, “जा बाबा, जा पलीकडे. उगाच कुणाची जागा अडवू नकोस.”

मी पटकन माझ्या जागी परतले. तो सगळ्यांदेखत दोराच्या कडेने चालत आला आणि माझ्या मागे उभा राहिला. समुद्रावर चंद्र वर येत होता, भला मोठा, पिवळा. पेंढ्याला गेल्या सुगीचा वास होता. त्याचे हात माझ्या हातांच्या अगदी जवळ होते. मी इतकी सुखात होते की दोर ओढायचंच विसरले.

“युरिम,” तो माझ्या कानाशी म्हणाला, “उद्या जावं लागेल मला.”

“माहीत आहे.”

“पुढच्या वर्षीच्या या पौर्णिमेला येईनच. त्याआधीही येईन, तुम्ही म्हणाल तेव्हा. फक्त… पुढच्या वर्षी कुठे उभं राहू, तेवढं आजच सांगा. पुन्हा चूक नको.”

ढोल जोरात वाजू लागले. पुढून मावशीचा आवाज आला, “ओढा गं!”

मी मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं.

“पलीकडे,” मी म्हणाले. “नवऱ्यांत.”