दुधाची विभक्ती

कोमल लोखंडेने बाळाला पदराखाली घेतलं मात्र, तिच्या छातीवर चिकटवलेली नाण्याएवढी चकती किरकिरू लागली. तिने घाबरून बाळाला दूर केलं. अडीच महिन्यांची ती पोर तोंड वासून रडू लागली.

आयांचं दूध गोळा करणाऱ्या सोलापूरच्या एका दूधपेढीत समोर बसलेल्या हेमांगी दातारांना वाटलं, चकती बिघडली असावी.

"बिघडलेली नाही, मॅडम," व्यवस्थापक निनाद शेवडे म्हणाला. "कराराबाहेर दूध वापरलं की ती वाजते. यांची तक्रार आहे की करार चुकीचा वाचून दाखवला. तुम्ही तपासून सही केलीत की विषय मिटला."

'स्पष्टा' ही भाषा घडवणाऱ्या पाच जणांपैकी हेमांगीबाई एक. करारांवरून होणारी भांडणं थांबावीत म्हणून बारा वर्षांपूर्वी ती मुद्दाम रचली होती; तिच्यात एका वाक्याचे दोन अर्थ निघत नसत. आता सगळे करार स्पष्टेतच होत. यंत्र ते माणसाला त्याच्या बोलीत ऐकवी आणि पुढे पाळले जातात की नाही यावर नजरही ठेवी.

कोमलने मराठीत ऐकलं होतं, 'मी माझं दूध पेढीला देईन.' पण स्पष्टेत 'माझं' दोन तऱ्हांनी म्हणतात. माझा हात, माझं दुखणं यांना 'एन' हा प्रत्यय, ती अंगषष्ठी. माझी सायकल, माझं भांडं यांना 'ओर', ती हातषष्ठी. अंगचं देता येत नाही. हातचं देता येतं, आणि किती ते सांगितलं नसेल तर सगळं दिलं असं धरतात.

करारात दुधाला 'ओर' लागला होता.

"ताई, म्या उरलेलं देते म्हणलं होतं," कोमल म्हणाली. "हिचं पोट भरून उरतंय ते. कुणाच्या तरी लेकराला मिळंल म्हणून."

"लेकरांना जातं ना हे?" हेमांगीबाईंनी विचारलं.

शेवडेने सोनेरी टोपणाची एक चिमुकली बाटली पुढे सरकवली. "यांच्या दुधाची प्रत फार वरची आहे. व्यायाम करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी पेय बनतं. आंब्याच्या स्वादात. चव तर बघा."

बाटलीतून गोड, कोमट वास आला. हेमांगीबाईंनी ती बाटली बोटाच्या टोकाने परत ढकलली आणि बोट साडीला पुसलं, पुन्हा पुसलं.

कोणत्या शब्दाला कोणता प्रत्यय ते ठरवण्याची ती बैठक त्यांना आठवली. शब्दांची लांबलचक यादी, चहाचे कप. कुणीतरी विचारलं होतं, "दूध?" आणि त्याच म्हणाल्या होत्या, "विकतात की. हातषष्ठी." त्यांच्या डोळ्यांपुढे तेव्हा दुधाची पिशवी होती. त्यांचा धाकटा चार महिन्यांचा होता. बैठक लांबली म्हणून ब्लाउज भिजला होता आणि तो पदराने झाकत त्यांनी पुढचा शब्द वाचला होता.

शेवडेची किळस आली होतीच. आता स्वतःचीही आली.

"मॅडम, भाषांतर बरोबर आहे ना?"

"अगदी बरोबर आहे."

"मग सही?"

"करणार नाही. व्याकरणच घाण आहे, आणि ती घाण माझी आहे. कोमल, पाज तिला."

"त्यांच्यावर कारवाई होईल," शेवडे म्हणाला.

"माझंही नाव लिही. मी सांगितलं म्हणून लिही."

कोमलने क्षणभर दोघांकडे पाहिलं आणि बाळाला छातीशी घेतलं. चकती किंचाळू लागली. हेमांगीबाईंनी उठून नखाने तिची कड उचकटली आणि ती ओढून काढली. खाली कातडी लाल, सोललेली होती. चकती टेबलावर पडून वाजतच राहिली. पोर मात्र डोळे मिटून पीत होती.

"मी दुधाचा शब्द बदलून घेईन," त्या म्हणाल्या. "भांडेन."

कोमलने मान हलवली. मग बाळाच्या टाळूवर हात ठेवून तिने हळूच विचारलं, "ताई, तुमच्या त्या भाषेत 'माझी लेक' कसं म्हणतात? एन का ओर?"

हेमांगीबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मूल दत्तक देता येतं की, असं त्या बैठकीत कुणीतरी म्हणालं होतं. त्यावर आपण काय लिहिलं होतं?