पीस गळण्याआधी

मंगळवारी सकाळी सहा चाळीसला आश्रुबांनी डोक्याचा रुमाल सोडला, उजेडाकडं पाठ करून ते ओट्यावर बसले आणि तेजश्रीने त्यांच्या केसांवर भिंग धरलं. एकही माइट नव्हता. सोमवारी चारशेच्या वर होते.

"गेले का?" आश्रुबांनी विचारलं.

"गेले."

"मग पेढे आण की, मॅडम. तोंड पाडून काहून बसलीस?"

तेजश्री बीडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आश्रुबा तिचे चुलते. पालीत ओढ्याकडेला त्यांचं शेत आहे. गेलं दीड वर्ष ती दर शनिवारी-रविवारी तिथं जाळी लावून चिरक धरते. चिरक म्हणजे घराच्या आसपास शेपटी उभारून गाणारा काळा पक्षी. त्याच्या पायात ती नंबराची कडी घालते, पंख उजेडाकडं धरते आणि पिसांवरचे माइट मोजते. आठ पायांचे, धुळीच्या कणाएवढे जीव. पिसावरचं तेल खातात, ओळी धरून बसतात, पक्ष्याला काही त्रास देत नाहीत. आश्रुबांच्या लेखी ते पिकावरच्या लाल कोळ्याचे भाऊबंद.

चिरकावरचे हे माइट कुठल्याच पुस्तकात नव्हते. एखादी नवी जात नव्हे, जातींचा अख्खा नवा गट, नवी प्रजाती. पुण्याच्या तज्ज्ञांनी ते मान्य केलं होतं. आकृत्या तयार होत्या, वर्णन लिहून झालं होतं. अडला होता एकच परिच्छेद, सवयींचा.

पीस गळायच्या आधी माइट ते पीस सोडतात आणि शेजारच्या पिसावर जाऊन बसतात. यात नवल नाही. गळणारं पीस मुळाशी सैल होतं, ते त्यांना कळत असावं. पण तेजश्रीच्या माइटांनी पाच वेळा अख्खा पक्षीच सोडला होता. पाचही चिरक तेव्हा धडधाकट होते आणि पाचही नऊ दिवसांच्या आत मेले. एकाला मांजराने धरलं. एक उसाच्या ट्रॉलीखाली आला. एक हौदात बुडाला, एक विजेच्या तारेला चिकटला. पाचव्याला शिकऱ्याने झडप घालून नेलं, त्याचा कडीचा पाय तेवढा बांधावर सापडला. पाचही आजाराने मेले असते, तर माइटांना आजार आधी कळतो असं लिहिता आलं असतं. ट्रॉली आधी कशी कळते, हे तिला लिहिता येत नव्हतं.

आश्रुबांच्या डोक्यात हे माइट शिरले ते दिवाळीनंतरच्या रविवारी. पक्षी ठेवायच्या कापडी पिशव्या दवाने भिजल्या होत्या. तेजश्री दुसऱ्या जाळ्याकडं गेली तेवढ्यात आश्रुबांनी दोन चिरक आपल्या रुमालात गुंडाळले. ती आल्यावर पक्षी तिच्या हातात दिले आणि रुमाल झटकून पुन्हा डोक्याला बांधला. गावात उघड्या डोक्यानं त्यांना कधी कुणी पाहिलेलं नाही.

"माणसाच्या केसावर ते दोन दिवस जगत नाहीत," तेजश्री म्हणाली होती.

ते सोळा दिवस जगले. कॉलेजच्या आधी रोज सकाळी येऊन तेजश्री मोजत होती. पांढऱ्या केसांवर ओळी धरून, सगळ्यांची तोंडं मुळाकडं. आश्रुबांना ना खाज होती, ना कसला त्रास. ते शेजाऱ्यांना सांगत फिरत होते, "माझ्या टाळक्यावर शोध लागलाय."

आणि मंगळवारी माइट गेले.

त्याच दुपारी तिने आश्रुबांना बीडला नेलं. रक्त, छाती, ईसीजी. डॉक्टर म्हणाले, "यांची तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे." परतताना तिने त्यांना मोटारसायकल, विहीर, फवारणी, सगळं बंद करायला सांगितलं.

"बाळंतीण हाय का म्या, घरात कोंडून बसाया?"

"नऊ दिवस, आबा. फक्त नऊ."

"नऊच काहून?"

घरी पोचल्यावर तिने मोटारसायकलची किल्ली काढून घेतली.

आश्रुबांचा मुलगा बजरंग बायकोला घेऊन कर्नाटकात ऊसतोडीला गेलेला. तिने त्याला फोन लावला.

"दोन दिवस येऊन जातोस का?"

"आबा आजारी हायेत का?"

"नाही."

"पडले-बिडले का?"

"नाही रे."

"मंग मुकादमाला सांगू काय, ताई? काय झालंय म्हून सांगू?"

मागे कोयत्यांचा आवाज येत होता. तिने फोन ठेवला.

कॉलेजात रजा टाकून ती पालीतच राहिली. आश्रुबा गोठ्यात गेले की ती गोठ्यात, बांधावर गेले की बांधावर. रोज सकाळी ती त्यांचं डोकं बघायची. एक तरी परत आला असेल म्हणून.

एकही आला नाही.

बुधवार हा नववा दिवस. आश्रुबा दोन भाकरी जेवले, बैलाच्या शिंगांना तेल लावायला गोठ्यात बसले. दारातून ते दिसत होते. चुलती कौशल्याबाई चुलीपुढं शेंगा फोडत होत्या. आश्रुबांच्या डोक्याला रोज तेल त्याच चोळायच्या. तेजश्रीला ते इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं.

"काकू, जरा उजेडाला बसा."

"माझ्या डोक्यात उवा न्हाईत बाई."

माइट होते. भांगाच्या दोन्ही बाजूंनी, कानामागं, अंबाड्यापर्यंत. ओळी धरून, तोंडं मुळाकडं. आश्रुबांच्या डोक्यावर होते तेवढे तरी असतील.

मानेवरच्या बारीक केसांत मात्र बोटभर रुंदीचा एक पट्टा मोकळा होता. मंगळसूत्र तिथून जात होतं.

घासून गेले असतील, असं तिने वहीत लिहिलं. मग मंगळसूत्र हलकेच वर सरकवलं आणि वाट पाहिली. ओळी तिथंच राहिल्या. मोकळ्या जागेत एकही माइट आला नाही.

"काय दिसतंय गं?"

"काही नाही, काकू."

"अगं, च्या ठेवला का न्हाई?" गोठ्यातून आश्रुबा ओरडले.

"ठिवते की! पोरगी उठू दीना मला."

कौशल्याबाईंनी पातेलं घ्यायला हात लांबवला. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. दारातलं ऊन त्यांच्या हातावर पडलं, आणि तेजश्रीला भिंग लागलं नाही. कोपरापासून खाली बारीक लवेवर ठिपक्यांच्या ओळी उतरत आल्या होत्या. हिरव्या बांगड्यांच्या चार बोटं अलीकडं त्या थांबल्या होत्या.