तीन वाजताची बाई

दुधनातीर समूहाची मालमत्ता किती, असं कुणी विचारलं की व्यवस्थापक अप्पाराव बोटांवर मोजून दाखवायचे. चार दैनिकं, जालन्याचा छापखाना, एमआयडीसीतला प्लॉट. आधी त्यात परतूर, आष्टी आणि वाटूरची टीव्ही केंद्रंही यायची. केंद्र म्हणजे काय हो, दोन खोल्या, एक कॅमेरा आणि गावच्या केबलवर दिसणाऱ्या बातम्या. दोन वर्षांपूर्वी तिन्ही विकून टाकली आणि घेणाऱ्यानं महिन्याभरात त्यांना कुलपं ठोकली.

मग परतूरहून फोन यायला लागले. बंद पडलेलं चॅनल रोज दुपारी तीनला पाचेक मिनिटं लागतं, कोपऱ्यात दुधनातीरचं चिन्ह असतं, फक्त आवाज येत नाही. चित्र कुठून येतं याचं कुणाला नवल नव्हतं, तक्रार होती ती आवाजाची! विकलेल्या चॅनलवर आपलं चिन्ह म्हणजे कोर्टकचेरी, म्हणून अप्पारावांनी देवानंदला पिटाळलं. परतूर केंद्राचा कॅमेरामन आणि बातमीदार एकेकाळी तोच होता. आता जालन्याच्या कार्यालयात त्याला स्वतःची केबिन होती.

घेणाऱ्याकडून किल्ली मागून आणली, तरी केंद्राचं कुलूप उघडायला रॉकेल घालावं लागलं. आत यंत्रं नव्हती, टेबलं नव्हती, भिंतीतून आलेली केबलसुद्धा वीतभर ठेवून कापलेली. खिडकीत पारव्यांनी घरटं केलं होतं. देवानंदनं मोबाइलवर चार फोटो काढले. इथून काही लागणं शक्य नाही, असा अहवाल त्यानं मनात लिहूनही टाकला आणि समोरच्या दुर्गाबाईंच्या हॉटेलात चहाला बसला.

तीन वाजले आणि कोपऱ्यातला टीव्ही आपोआप बदलला.

ओसरीवर एक बाई बसली होती. पडद्याच्या खालच्या कडेतून माईक धरलेला एक हात पुढे आलेला. बाई हसून काहीतरी म्हणाली, मग ऐकू लागली, आणि ऐकता ऐकता तिचं तोंड उघडंच राहिलं.

देवानंदनं चहा खाली ठेवला. माईक धरलेला तो हात त्याचाच होता. बाई आष्टीची चांगुणाबाई होती.

आता सांगायलाच हवं. नऊ वर्षांपूर्वी चांगुणाबाईचा एकुलता एक मुलगा सूरज विहिरीतला गाळ काढायला उतरला आणि आत कोंडलेल्या वायूनं गेला. सगळ्यांच्या आधी बातमी द्यायची म्हणून देवानंद कॅमेरा सुरू ठेवूनच घरात शिरला. मुलगा गेल्याचं कळल्यावर काय वाटलं, असं त्यानं विचारलं. तिला कळलंच नव्हतं. तिला कळलं ते त्याच्याकडून, माईकच्या तोंडावर. एवढ्यावर तरी थांबावं की नाही माणसानं? पण माईकचं बटण बंद राहिलं होतं. तेव्हा तो त्या माउलीला म्हणाला, मावशी, आवाज आला न्हाई, एकदा परत. आणि ती बिचारी परत रडली.

दुसरं रडणं गावोगाव दिसलं. वाहवा झाली, बढती मिळाली. पहिलं त्यानं त्याच संध्याकाळी कार्डावरून पुसलं होतं. त्याबद्दल बायकोला सांगितलं नाही, मुलीला तर मुळीच नाही. आठवण आली की रस्त्यात चालतानासुद्धा त्याचे कान तापायचे.

पुसलेलं चित्र दिसतंय कसं, एवढाच प्रश्न त्याला पडला होता. तेवढ्यात दुर्गाबाई पुढे आल्या आणि सहज बोलल्या, "रोज निराळं लुगडं असतंय बगा तिचं. काल हिरवं होतं. आन् लई थकली आता."

देवानंदनं पडद्याकडे पाहिलं. चांगुणाबाईचे केस पांढरेधोप होते.

दुसऱ्या दिवशी अडीचलाच तो आष्टीत पोचला. माफी मागायची, पाय धरायचे, हे काय चाललंय ते आजच्या आज थांबवायचं, असं घोकत आला होता. चांगुणाबाई ओसरीवर तुरीतले खडे निवडत होती. तिनं वर पाहिलं.

"या. आज लई जल्दी आलात. आन् कॅमेरा कुठाय?"

 मी रोज येतो का, असं देवानंदनं विचारलं.

"असं काय करता? रोज तीनला येता की. काहीतरी सांगता. काय सांगता ते बिलकुल ध्यानात न्हाई ऱ्हात." तिनं सुजलेल्या पापण्यांवरून हात फिरवला. "दुखतात मंग रातभर. बसा, सूरज येईलच. विहिरीवर गेलाय."

आत भिंतीवर सूरजचा फोटो नव्हता. खुंटीला त्याचा धुतलेला सदरा होता.

म्हणजे आज तिला अजून कळलेलं नव्हतं.

कॅमेरा नव्हता. शेजारणीला हाक मारता आली असती. हात हातात घेऊन, जसं सांगायला हवं होतं तसं, या वेळी सांगता आलं असतं. त्याच्याकडे अर्धा तास होता.

"मावशी," तो म्हणाला.

"बोला की."

तिचा चेहरा इतका निवांत होता की त्याला स्वतःची किळस आली.  त्यानं पाणी मागितलं.

पाणी प्याला. पावसापाण्याचं बोलला. पुन्हा मावशी म्हणाला आणि तुरीचा भाव विचारला. लाजेनं मान वर होईना.

घड्याळात तीनला एक मिनिट कमी होतं.

चांगुणाबाईनं सूप बाजूला सारलं. पदर डोक्यावर घेतला, नीट बसवला आणि देवानंदच्या खांद्यावरून गल्लीकडे पाहिलं.

मागे फाटक करकरलं.

"आले बगा तुम्ही," ती म्हणाली आणि आणखी एक तांब्या भरायला आत गेली.